भाच्याची रायफल

माझा भाचा टेक्सासमध्ये नोकरीला आहे आणि गेल्या दिवाळीपासून आमच्या रविवारच्या फोनवर एकच विषय चालू आहे. त्याला रायफल घ्यायची आहे. शिकार करायची नाही, घराच्या राखणीचा प्रश्न नाही. शनिवारी सकाळी माळावरच्या रेंजवर जायचं, पोटावर आडवं व्हायचं आणि ६०० यार्डांवरच्या, पुढे जमलं तर १००० यार्डांवरच्या कागदावर नेम धरायचा, एवढीच त्याची हौस. आणि ती रायफल त्याला सेमी-ऑटोमॅटिकच हवी आहे, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. "मामाजी, तुम्ही इतकी वर्षं शूटिंग करून राहिले, तुम्हीच सांगा कोणती घेऊ," असं म्हणून तो चार नावं आणि चार किमती पाठवतो.

मी नागपुरात राहतो आणि १० मीटरवर एअर रायफल चालवतो. संधी मिळाली की ५० मीटरवर पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच नळीची रायफल. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे माझ्यासारख्याच्या हातात येतच नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ती पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित वर्गात मोडते आणि तिच्या परवान्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. बाकी परवाने नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयातून निघतात. फक्त एअर रायफल बोअरला, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाला, ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकदीला २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. म्हणून आमच्या गावातली बहुतेक पोरं-पोरी १० मीटरवरच सुरुवात करतात, आणि कित्येक जण तिथेच राहतात.

मग १००० यार्डांची रायफल निवडायला हा मुलगा मला का विचारतो? घरात दुसरं कोणी नाही हे एक कारण. पण मला मनापासून वाटतं की त्याने योग्य माणसाला विचारलं आहे. अंतर बदललं तरी निशाणेबाज रायफलकडे एकच गोष्ट मागतो: मी तेच केलं तर तूही तेच कर. आज, उद्या, गरम नळीने, गार नळीने, पहिल्या गोळीला आणि साठाव्या गोळीला. या एकसारखेपणात उणं पडेल ते सगळं मी नाकारतो, मग ते दिसायला कितीही देखणं असो.

अंतराचा बाऊ करू नये, हे त्याला मी आकड्यांनी दाखवलं. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. पेनाने टेकवलेला ठिपका. ५० मीटरवर ते १०.४ मिलिमीटरचं होतं आणि ३०० मीटरवर १०० मिलिमीटरचं. वर्तुळाला गोळीची कड लागली तरी गुण मिळतो, त्यामुळे गोळीची जाडी त्यात मिळवावी लागते. तसं करून अंतराने भागलं तर १० मीटरवर दर मीटरमागे अर्धा मिलिमीटर चूक माफ आहे, ३०० मीटरवर साधारण ०.३६, आणि ५० मीटरवर फक्त ०.३२. म्हणजे या तिघांत सगळ्यात कडक परीक्षा मधली आहे, आणि तीही पॉइंट टू-टूच्या छोट्याशा काडतुसाने द्यायची. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला याच ५० मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. गुडघ्यावर, आडवं आणि उभं, तिन्ही स्थितींत. त्या बातमीने मी दिवसभर कामाला हात लावू शकलो नव्हतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तीही ५० मीटर प्रोनमध्येच, म्हणजे आडवं पडून. कोल्हापूरच्या मातीत काय आहे याचा आम्हा विदर्भवाल्यांना हेवा वाटतो, तो मी लपवत नाही.

या ५० मीटरच्या रायफलमध्ये प्रत्येक गोळी हाताने भरायची असते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, नाही. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे ओढा, रिकामी केस (काडतुसाचं कवच) निघते, नवं काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या त्याच्या जागेच्या, तोंडाशी ठेवा, अंगठ्याने हलकेच सरकवा, बोल्ट बंद करा. हे करताना श्वास खाली बसतो, डोळ्याला क्षणभर विसावा मिळतो. भाच्याला नेमकं हेच नको आहे. "प्रत्येक वेळी हात उचलावा लागते ना मामाजी, पोझिशन मोडते." त्याचं म्हणणं खोटं नाही. आडवं पडून खांदा, गाल, कोपर एकदा जुळले की ते हलू नयेत असं कुणालाही वाटतं, आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते कमी हलतात हे खरं आहे. धक्काही कमी लागतो, कारण मागे येणाऱ्या भागांत आणि स्प्रिंगमध्ये त्यातला काही वाटा पसरून जातो.

पण त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे समजून घेतल्याशिवाय ही रायफल निवडता येत नाही.

आमच्या गल्लीत एक सुभेदार राहतात. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून सुरुवात करून निवृत्त झालेले, मूळचे भंडारा जिल्ह्यातले. त्यांच्या हातात उमेदीची वर्षं एसएलआर होती, ७.६२ मिलिमीटरची, ईशापूरला बनलेली, बेल्जियमच्या फाल रायफलवरून घेतलेली. एसएलआर म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, भाच्याला हवी त्याच जातीची: चाप एकदा ओढला की एक गोळी, पुढची आपोआप चेंबरमध्ये. मी त्यांच्या ओट्यावर बसून भाच्याचा प्रश्न त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी रायफल हातात असल्यासारखी दोन्ही हातांनी दाखवायला घेतली. "हे पाहा, गोळी नळीतून चालली. तोंडाशी पोचायच्या आधी नळीले वर एक भोक आहे. तेथून गॅस वर निघते, पिस्टनले मागे दाबते. पिस्टन बोल्टले मागे नेते, रिकामी केस उडते, स्प्रिंग दाबल्या जाते, अन् पुढे येताना नवं काडतूस घेऊन येते." मग त्यांनी डाव्या हाताची चिमूट हवेत फिरवली. गॅस रेग्युलेटर. धुळीने किंवा काजळीने रायफल अडखळायला लागली की तो फिरवून गॅस वाढवायचा. "गॅस जास्त दिला तर धक्का वाढते, कमी दिला तर केस अडकते. आपल्या रायफलचा आकडा आपल्याले ठाऊक पाहिजे."

हा रेग्युलेटरचा आकडा माझ्या डोक्यात बसला. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तुमच्या आणि गोळीच्या मध्ये एक चालतं यंत्र आहे. ते प्रत्येक वेळी तितक्याच जोराने मागे गेलं पाहिजे, तितक्याच जोराने पुढे येऊन त्याच जागी बसलं पाहिजे. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये हे काम तुमचा हात करतो आणि गोळी सुटताना काहीच हलत नाही. शिवाय स्प्रिंगच्या जोराने चेंबरमध्ये आपटणारं काडतूस अंगठ्याने सरकवलेल्या काडतुसासारखं वागेलच असं नाही. त्याचं टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर घासतं, कधी गोळी केसमध्ये किंचित आत दाबली जाते. एआर-१५ या अमेरिकन सेमी-ऑटोमॅटिकच्या जातीत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाला ठोकणारी सुई, मोकळी असते. बोल्ट पुढे आपटला की ती जडत्वाने पुढे येते आणि प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या पेटणाऱ्या टोपीवर, बारीकशी खूण उमटवते. न उडवलेलं काडतूस बाहेर काढून उजेडात धरलं तर ती खूण दिसते, मधोमध, सुईने टोचल्यासारखी. भाच्याने भाड्याच्या रायफलमधून काढलेल्या अशाच एका काडतुसाचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, हे खराब आहे का? नाही, खराब नाही. पण या यंत्रात प्रत्येक काडतूस थोडासा मार खाऊनच चेंबरमध्ये बसतं, हे त्या खुणेवरून समजून घ्यायचं.

आणखी एक. चाप सुटल्यापासून प्रायमर पेटेपर्यंत जो वेळ जातो, त्याला लॉक टाइम म्हणतात. घोड्याने ठोकणाऱ्या या रायफलींत तो चांगल्या बोल्ट रायफलपेक्षा जास्त असतो. फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचा. पण तेवढ्या वेळात माणूस हलतो, आणि आपण हललो हे त्याला कळतही नाही. आमची एअर रायफल याच बाबतीत फार कडक आहे. छर्रा जेमतेम १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो, त्यामुळे नळीत तो बराच वेळ असतो. चाप ओढल्याबरोबर मान वर केली की कागदावर ते लगेच दिसतं. गोळी सुटून गेल्यानंतरही नेम तसाच धरून ठेवायचा, याला आम्ही फॉलो-थ्रू म्हणतो. १० मीटरच्या रेंजवर वाढलेल्या मुलाच्या हातात कधी सेमी-ऑटोमॅटिक आली तर तो ती बऱ्यापैकी चालवेल असं मला वाटतं, ते या फॉलो-थ्रूमुळे.

अमेरिकेत या रायफलींची स्वतःची मोठी परंपरा आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. ओहायोमध्ये कॅम्प पेरी नावाच्या जागी १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. तिथल्या सर्व्हिस रायफल, म्हणजे सैन्यात असतात तशा रायफलींच्या, प्रकारात आधी गॅरँड, मग एम-१४ आणि आता बहुतेक एआर-१५ दिसते. २००, ३०० आणि ६०० यार्ड. त्यातल्या रॅपिड फायरमध्ये दहा गोळ्या साधारण मिनिटभरात झाडायच्या असतात, मध्ये मॅगझिनही बदलायचं. तिथे सेमी-ऑटोमॅटिकचा खरा उपयोग आहे आणि ते कौशल्य पाहण्यासारखं आहे. पण हीच माणसं ६०० यार्डांच्या संथ फेरीत काय करतात? एकेक काडतूस हाताने भरतात! तिथे ८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची लांब, जड गोळी वापरतात, आणि ती इतकी बाहेर बसवलेली असते की ते काडतूस मॅगझिनमध्ये मावतच नाही. जगातली उत्तम सेमी-ऑटोमॅटिक हातात असताना लांबच्या पल्ल्याला माणूस पुन्हा एका गोळीवर येतो. हे वाचलं त्या रात्री मी भाच्याला अवेळी फोन केला होता.

तरीही त्याला सेमी-ऑटोमॅटिकच घ्यायची असेल तर पैसा कुठे घालायचा, यावर आमचं बरंच बोलणं झालं. माझं पहिलं उत्तर नळी. जाड, स्टेनलेसची, २० इंचांची, आणि पुढच्या हँडगार्डला कुठेही न टेकणारी, म्हणजे फ्री-फ्लोट. तानपुऱ्याच्या तारेला बोट लागलं की सूर जसा बदलतो, तसं गोळी जाताना थरथरणाऱ्या नळीला काही टेकलं की तिचं थरथरणं बदलतं आणि गोळी दुसरीकडे जाते. आडवं पडून स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, ताणला की हँडगार्डवर चांगला भार येतो. तो नळीला लागत असेल, तर स्लिंग जितका घट्ट तितका कागदावरचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सरकेल, आणि माणूस उगीच दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसेल.

नळीच्या आतले आटे किती इंचांत एक वळसा घेतात, हे दुसरं. पहिल्या एम-१६ ला (एआर-१५ चं लष्करी रूप) १२ इंचांत एक वळसा होता, ५५ ग्रेनच्या हलक्या गोळीसाठी. लांब गोळीला जास्त फिरकी लागते, नाहीतर ती हवेत डगमगते. म्हणून पॉइंट टू-टू-थ्री, म्हणजे एआर-१५ चं नेहमीचं काडतूस, घेणार असशील तर ७ किंवा ८ इंचांत एक वळसा असलेली नळी बघ, असं मी त्याला सांगितलं. काडतूस कोणतं, यावर तो सारखा ६.५ क्रीडमूरकडे झुकतो. २००७ मध्ये आलेलं हे काडतूस लांबच्या पल्ल्यासाठीच घडवलेलं आहे, वाऱ्याला कमी दबतं, १००० यार्डांवरही गोळीचा वेग आवाजापेक्षा जास्त असतो. सगळं खरं. पण ते महाग आहे, नळी लवकर झिजवतं, आणि नव्या माणसाने जितक्या गोळ्या झाडायला हव्यात तितक्या तो झाडणार नाही. पॉइंट थ्री-झीरो-एटचा धक्का जास्त. ६०० यार्डांपर्यंत पॉइंट टू-टू-थ्री पुरेसं आहे, धक्का नावापुरता आहे, आणि शिकायचं आहे ते सगळं त्यात शिकता येतं. १००० यार्डांचा विचार नंतर.

ट्रिगर तिसरा. दोन टप्प्यांचा, पहिला टप्पा मऊ, दुसरा काचेची काडी मोडल्यासारखा. मग काडतुसं. इथे मी हट्टाला पेटतो. १००० यार्डांवर पॉइंट थ्री-झीरो-एटची गोळी पोचेपर्यंत दहा-अकरा मीटर खाली आलेली असते. काडतुसाकाडतुसांत वेगाचा फरक १० मीटर प्रति सेकंद पडला तरी ती तिथे वीतभराहून जास्त वर-खाली लागते. तिथे तुमचा नेम, नळी, दुर्बीण सगळं बिनचूक असूनही काही चालत नाही. रायफलला जितके पैसे देशील तितकेच काडतुसांसाठी बाजूला ठेव, आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, घे, हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं आहे की आता तोच माझ्या आधी म्हणून दाखवतो.

काडतूस आणि नळीचं जमतं की नाही हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, ते करूनच बघावं लागतं. हे मी १० मीटरवर शिकलो आणि त्यातली गंमत अजून ओसरलेली नाही. आमच्या छर्‍यांच्या डब्यांवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, माणसाचा हात पूर्ण बाजूला काढायचा, आणि एकेका डब्यातले छर्रे एकेका कागदावर मारायचे. एका मापाने कागदावर जेमतेम छर्‍याएवढं एकच भोक पडतं, कडा स्वच्छ कापलेल्या. पुढच्या मापाने तेच भोक तिरकं, शेंगेसारखं लांबतं. रायफल तीच, हवा तीच, सिलिंडरमधला दाब तोच. मी दर नव्या डब्यातला छर्रा तळहातावर घेऊन त्याचा घेर बघतो. शिसं मऊ असतं, प्रवासात एखाद्याची कड दबलेली असते. तो बाजूला. रेंजवरच्या लहान मुलांना हे करताना बघणं मला फार आवडतं. तेरा-चौदा वर्षांची पोरगी चष्मा वर करून एकेक छर्रा फिरवून बघते आणि दबलेला निघाला की न बोलता डबीच्या झाकणात टाकते. या वयात हे जिला कळलं, तिला पुढे कुठलीही रायफल निवडायला मामा लागणार नाही.

आमच्या रेंजवर उन्हाळा कठीण जातो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि अंगात कॅनव्हासचं ताठ जॅकेट, तशीच पँट, हातमोजा. कूलर लावला तर टांगलेला कागद हलतो, म्हणून आम्ही ऐन वेळी तो बंद करतो. घाम भुवईवरून डायऑप्टरच्या, म्हणजे नेम धरायच्या बारीक भोकाच्या, रबरापर्यंत येतो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, सुरू झाला की पहाटेच जमायचं. मोकळ्या मैदानावर तर सूर्य वर आला की जमीन तापून मृगजळ उसळतं, काळा गोल पाण्यात पडल्यासारखा हलायला लागतो आणि खरा गोल कुठे आहे हे डोळा सांगू शकत नाही. जाणती माणसं हेच मृगजळ वाचतात. ते डावीकडे वाहतं की उजवीकडे, की सरळ वर उकळतं, यावरून वारा कळतो. ५० मीटरवर अंगाला सहज जाणवेल असा हलका आडवा वारा पॉइंट टू-टूची गोळी दीड-दोन सेंटिमीटर सरकवतो. दहाचा आठ व्हायला तेवढं पुरतं. ६०० यार्डांवर काय होत असेल, त्याचा हिशेब भाच्याने मला करून दाखवला आणि तोच गप्प झाला.

उष्णतेची एक गोष्ट मात्र आमच्या बाजूने आहे. स्पर्धेची पॉइंट टू-टूची गोळी मुद्दाम आवाजापेक्षा कमी वेगाची ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडताना गोळी हादरते. १५ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो, ४५ अंशांना तो ३५८ च्या आसपास जातो. म्हणजे भर उन्हात गोळीला त्या सीमेपासून जास्त मोकळीक. पण उन्हात तापलेली दारू जास्त जोराने जळते आणि गोळीचा वेग वाढवते, म्हणून काडतुसांची पेटी सावलीतच हवी. टेक्सासलाही तेच. गरम चेंबरमध्ये काडतूस भरून वाऱ्याची वाट बघत पडून राहू नको, हेही मी त्याला बजावलं आहे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुढचं काडतूस आपोआप आत जाऊन शिजत पडतं, त्यामुळे तिथे हे जास्त सांभाळावं लागतं.

या सगळ्यात माझी बहीण. प्रतापनगरला राहते आणि मुलाच्या या हौसेने तिची झोप उडाली आहे. "दादा, तू त्याला समजावून सांगशील असं वाटलं होतं मला, तर तूच त्याला नळ्या सांगून राहिला. तिथे शाळांमध्ये काय काय होऊन राहिलं, तू वाचत नाहीस का?" मी वाचतो. ज्या जातीच्या रायफलबद्दल मी इतक्या आस्थेने लिहितो आहे, त्याच जातीच्या रायफलने तिथे वर्गात बसलेली लेकरं मारली गेली आहेत. हे बाजूला ठेवून नळीच्या वळशांवर बोलणं मला जमत नाही. आपल्याकडचा कायदा ही रायफल सामान्य माणसाला देत नाही, याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. माझ्या खेळाचं त्याने काही अडलेलं नाही. गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली आणि आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून पोरं वर जातात. तेव्हापासून रायफलमध्ये आपण एकेक गोळी हाताने भरतच इथवर आलो. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने शेवटचा छर्रा १०.८ वर मारून सुवर्ण आणलं, तेही एकेक छर्रा भरून.

बहिणीला मी वचन दिलं की रायफलच्या आधी तिजोरी घेतली जाईल, आणि भाच्याला तसं स्पष्ट सांगितलं. जमिनीला बोल्टने आवळलेली लोखंडी तिजोरी, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली फक्त त्याच्याकडे. घरात पाहुणे, लहान मुलं आली तरी कुणाला दाखवायला म्हणून रायफल बाहेर निघणार नाही. तिचे फोटो कुठे टाकायचे नाहीत. मन ठिकाणावर नसेल, त्या शनिवारी रेंजवर जायचं नाही. आमच्या रेंजवर एअर रायफललाही हेच नियम आहेत: नळी कायम लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, रेंज थांबली की बोल्ट उघडा. एकदा एक मुलगा भरलेली रायफल घेऊन मित्राशी बोलायला वळला, तर प्रशिक्षकांनी त्याला महिनाभर फक्त कागद लावायला ठेवलं. मुलाचे वडील भांडायला आले. प्रशिक्षक बधले नाहीत. मला त्यांचं बरोबरच वाटलं.

आता ठरलं आहे ते असं. सध्या तो क्लबची पॉइंट टू-टू बोल्ट रायफल घेऊन ५० आणि १०० यार्डांवर मारतो आहे. मी त्याला तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप पाठवू नको म्हणून सांगितलं. तीन गोळ्या नशिबानेही एकत्र पडतात, दहा पडत नाहीत. आता दहा गोळ्यांचे कागद येतात, कडेला वारा, तापमान, काडतुसांचा लॉट आणि "इथे मान हलली" असं पेन्सिलीने लिहिलेलं. गेल्या कागदावर आठ गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या गेल्या होत्या आणि दोन बाहेर, आणि त्या दोन्ही कशा गेल्या हे त्याला स्वतःला सांगता येत होतं. तिजोरी घेऊन झाली आहे. रायफल पॉइंट टू-टू-थ्रीचीच, सेमी-ऑटोमॅटिक, २० इंचांची जाड फ्री-फ्लोट नळी, ८ इंचांत एक वळसा, दोन टप्प्यांचा ट्रिगर. दुर्बिणीवर आमचं अजून जमलेलं नाही. त्याला २५ पटींची हवी आहे. मी म्हणतो, टेक्सासच्या उन्हात २५ पटींनी त्याला फक्त मृगजळ मोठं दिसेल, १० पटींची चांगल्या काचेची घे आणि उरलेल्या पैशांत काडतुसांच्या आणखी चार पेट्या आण. तो ऐकेल असं वाटतं, कारण परवा त्यानेच विचारलं, एका लॉटच्या किती पेट्या एकदम मिळतील?